फॉर्मवरचं दुसरं नाव

शिवाजी पेठ, कोल्हापूर
१४ फेब्रुवारी १९८३

प्रिय पारू,

माझं अक्षर बघून तू आधी रागावशील. चार महिने झाले, इचलकरंजी सोडताना तुला सांगितलं नाही आणि नंतर चिठ्ठीही टाकली नाही. मी इथं माझ्या थोरल्या नणंदेकडे, सुगराआपांकडे आहे. त्यांचं पोटाचं ऑपरेशन झालं म्हणून फक्रुद्दीननं मला आणून सोडलं. आपा कधीच्या हिंडूफिरू लागल्या, पण मला न्यायला कुणी येत नाही. दुकानात जायचं तरी त्या बरोबर असतात. खिडकीशी उभी राहिले की आतून हाक येते. आता त्यांचा डोळा लागलाय, तेवढ्यात लिहिते.

इथं हातांना काम नाही, त्यामुळं डोक्यात सारखी आपली सोसायटी फिरते. मागासाठी सुताच्या कांड्या भरणाऱ्या आपण चाळीस बाया. तू बोलायचीस, मी लिहायची. फक्रुद्दीन ज्यांच्याकडं कामाला, त्या शेठना वगळून आपले टॉवेल थेट हॉलंडच्या त्या दुकानात जायला लागले आणि त्यांच्याकडून पत्ता घेऊन कोलंबोच्या बायांचं पत्र आलं. तो दिवस आठवतो? आपल्या सोसायटीचं लिहिणं-हिशेब बघणाऱ्या हंबीररावांनी इंग्रजी वाचून मराठीत सांगितलं, की तिथं टॉवेल विणणाऱ्या बायांनी दर वाढवून मागितला तर व्यापारी म्हणतो, इचलकरंजीत याहून स्वस्त मिळतं. तू म्हणालीस, "अगं, आमाला तर कोलंबोचं नाव सांगत्यात की." सगळ्या हसल्या. मग हळूहळू कुणीच हसेना.

तिथून पुढं वर्षभर पत्रंच पत्रं. मनिलाच्या बायांचीही यायला लागली. कुठल्याही देशातल्या व्यापाऱ्याला ज्याच्या खाली जाता येणार नाही असा एकच दर सगळ्या सरकारांनी ठरवावा, हे मागायला कोलंबोत जमायचं ठरलं. आपल्याकडून तुझं नाव निघालं. तुझ्या भाषणातलं पहिलं वाक्य मी जसंच्या तसं उतरवलं होतं, "आमाला एकमेकीच्या अंगावर घालू नका." ते शुद्ध करू का, असं मी विचारलं, तर तू म्हणालीस, "न्हाय, असंच ऱ्हाऊ दे."

पासपोर्टच्या फॉर्मवर ओळखीच्या दोन माणसांची नावं लागत होती. एक शाळेच्या मास्तरांचं, दुसरं माझं. फॉर्म हंबीररावांनी भरला. पोलिसांचा शेरा वाईट गेला, पासपोर्ट नाकारला आणि सभा तुझ्यावाचून झाली. हंबीररावांचा मेव्हणा शेठच्या कारखान्यात, म्हणून आपली बातमी त्यांनीच शेठला पोचवली असा तुला संशय आला. भर बैठकीत तू त्यांना म्हणालीस, "उठा, पुन्हा हितं पाय ठेवू नका." त्यांनी चष्मा खिशात ठेवला आणि ते कुणाकडं न बघता गेले. मी तुझ्या शेजारीच बसले होते.

पारू, पोलीस चौकशीला माझ्याकडं आले होते. आदल्या दिवशी शेठनं फक्रुद्दीनला बोलावून सांगितलं, बायको काय लिहून देणार ते आधी ठरव, नाहीतर काम आणि खोली दोन्ही सोड. खोली त्यांचीच, तुला ठाऊक आहे. फक्रुद्दीननं मला मारलं नाही की धमकावलं नाही. तो नुसता दारात बसून राहिला. मी लिहून दिलं, की तू परदेशी लोकांच्या सांगण्यावरून संप घडवतेस. माझ्याच अक्षरात, खाली सही करून. मी तुझ्यापाशी बोलून जाईन या भीतीनंच मला इथं ठेवलंय. आणि खरं सांगू, पहिले काही दिवस मला ते बरंच वाटलं, तुला तोंड दाखवायचं टळलं म्हणून. काल तुमच्या गल्लीतली तानाबाई आपांना बघायला आली. तू पुन्हा फॉर्म भरतेयस, जूनमध्ये पुन्हा सभा आहे, हे तिच्याकडून कळलं. हंबीरराव इथं कोल्हापुरातच शाहूपुरीत गुळाच्या अडतीवर या वयात हमाली करतात, हेही कळलं. रात्रभर झोप लागली नाही. सोबत दुसरा कागद आहे. माझा जबाब खोटा होता आणि तो कुणी द्यायला लावला, हे त्यात सहीनिशी लिहिलंय. तानाबाई आज संध्याकाळी परत निघते, दोन्ही तिच्या हाती देते. तो कागद पासपोर्टच्या साहेबांपुढं ठेव. फक्रुद्दीनला कळेलच; मग मी कुठं असेन, ते मला माहीत नाही. मला माफ कर असं मी लिहीत नाही. पण फॉर्म भरायच्या आधी शाहूपुरीत जा, आणि ज्या बैठकीतून हंबीररावांना उठवलंस, त्याच बैठकीत सगळ्यांसमोर त्यांना परत आणून बसव.

तुझीच,
रशिदा