चिंचेला आखूड पट्टा

खुरदाद २, फसली १३५२. नळदुर्ग
चैत लागला, सडकेच्या चिंचांचं काम लागलं. वैशाखातल्या वादळाआधी वाळक्या फांद्या उतरवायच्या. त्यात हैदराबादेहून सडकखात्याच्या मोहतमीमसाहेबांनी कातडी पट्टा धाडलाय. कमरेला बांधायचा, साखळी बुंध्याला घालून कडीत अडकवायची. म्हणे माणूस पडत न्हाय. आजवर कुणी वापरलेला न्हाय, पहिला मान आमचा. हुकूम : बांधणार न्हाय त्याचं नाव हजेरीतून कमी. पट्ट्यात फेरफार मना. रिपोर्ट सडकेच्या दरोग्यानं, म्हंजे मी, द्यायचा. वाचूनच कंटाळा आला.

खुरदाद ३
चाँदचाचा तीस वर्षं अनवाणी चढतात. झाडाला हात लावून बिस्मिल्ला, की वर. पट्टा बघून, "दरोगासाब, बैलाला येसण अन् मला हे?" बांधला तरी. घरात खाणारी सात तोंडं.

खुरदाद ५
साखळी बुंध्याला पुरेना. आमच्या चिंचा दोघांच्या कवेत न मावणाऱ्या. दोर जोडावा तर फेरफार. मीच म्हणालो, "चाचा, बेचक्यातून फांदी खाली सोडायच्या दोरात कडी अडकवा, तो तुटत न्हाय."
दोर तुटला न्हाय. फांदी तुटली. ती खाली, अन् दोरासंगं चाचा फरपटत वर बेचक्यात. शिडी येईस्तोवर लटकून. दोन बरगड्या गेल्या.
दोराच्या दुसऱ्या टोकाला फांदी असते हे मला कळू नये? पंधरा वर्षं सडकेवर काढून? उन्हानं डोकं फिरलं म्हणावं तर सकाळ होती.

खुरदाद ६
चाचांकडं गेलो. बाजेवर पडून, बोलताना धाप. "पट्टा तुटला न्हाय, तसं लिवा. माप घेताना झाडाला इचारलं न्हाय, येवढंच." माझं नाव काढलं न्हाय. त्यानंच जास्त लागलं.

खुरदाद ९
रिपोर्टाच्या कागदावर दोनच रकाने. कसूर सामानाचा, कसूर माणसाचा. माणसाचा लिहिला तर चाचांचं नाव कटणार. सामानाचा लिहिला तर साहेबांची पसंती खोटी ठरणार, मग माझं नाव कटणार. दोनदा लिहून फाडला. लाज वाटते.

खुरदाद १२
रकाने सोडून खाली लिहिलं : साखळी आखूड. दोरात अडकवा असं मी सांगितलं.
टपालात टाकलं. हिला सांगितलं तर म्हणाली, "हरिश्चंद्र झालात, आता खा हवा."

तीर १, नवा महिना
जवाब न्हाय. आणखी पाच पट्टे आले. माप तेच.
चाचा छातीला फडकं आवळून हजर. "नाव हाय तवर येतो." चढू दिलं न्हाय. झाडाखाली बसले अन् एकेका साखळीला हातभर दोर जोडायला लागले. हुकमाचा कागद माझ्या खिशातच होता.
एकट्यानं पीळ बसेना त्यांना, बरगड्या दुखतात. दुसरं टोक मी धरलं.