पांगाऱ्याचं नाक

बाबा, तुम्ही केलेलं ते पांगाऱ्याचं नाक आज माळा आवरताना सापडलं. हातात घेतलं तर अजून तसंच हलकं आहे, स्वप्नात उचलल्यासारखं. मी तेव्हा नववीत होते. शाळेच्या प्रदर्शनासाठी रॉकेट करत होते. खाली प्लास्टिकची बाटली, वर पुठ्ठ्याची नळी, बाटलीत थोडं पाणी घालून सायकलच्या पंपाने हवा भरायची की ते उडणार. नया नगरच्या सायबर कॅफेत मला एक वेबसाइट सापडली होती. नळीचा व्यास नि टोकाची लांबी भरली की ती रॉकेटच्या नाकाचं चित्र खऱ्या मापात काढून द्यायची. मी नुसते आकडे बदलत बसायचे आणि पडद्यावर ते नाक हळूहळू लांबायचं, पुन्हा गोल व्हायचं. प्रिंट काढताना कॅफेवाला म्हणाला, "पेज में फिट कर देता हूँ, नहीं तो कट जाएगा." मी मान डोलावली.

तो कागद मी तुम्हाला दिला. तुमची उभी हयात भाईंदरच्या भांड्यांच्या कारखान्यात लेथवर गेली, तीही स्टील कापण्यात. शेठना विचारून तुम्ही मला रविवारी तिथे नेलंत. गावाहून आणलेला पांगाऱ्याचा तुकडा मशीनवर फिरतोय, पत्र्याच्या भोकातून आलेल्या उन्हात भुसा तरंगतोय, तुमच्या भुवया पांढऱ्या झाल्यात, आणि त्या सगळ्यातून नाक बाहेर येतंय. "नळी आणलीस काय गो? घालून बघूया," तुम्ही विचारलंत. मी म्हटलं, "ती घरी वाळतेय. आणि हे कम्प्युटरचं माप आहे बाबा, चुकत नाही." तुम्ही हसलात आणि माप घ्यायला कागदाला वर्नियर लावलात.

पुढच्या रविवारी चेण्याच्या माळावर रॉकेट उडवायला गेलो. तुमच्या कारखान्यातले दोघे कौतुकाने आले होते. तिथे पहिल्यांदाच नाक नळीत बसवलं तर खुळखुळायला लागलं. माझं डोकंच फिरलं. त्यांच्यासमोर मी तुम्हाला म्हणाले, "इतकी वर्षं लेथ चालवता आणि साधं माप जमत नाही?" ते दोघे जमिनीकडे बघायला लागले. तुम्ही म्हणालात, "चुकलं खरं. हात हलला असेल." मग पिशवीतून तो कागद, वर्नियर नि डिंक काढून पाठ करून खाली बसलात. थोड्या वेळाने वळलात तेव्हा नाकाच्या नळीत शिरणाऱ्या खुंट्याला कागदाचे वेढे होते आणि ते नळीत घट्ट बसलं. रॉकेट गेलं बाबा, खाडीच्या बाजूला, आणि वर जाऊन क्षणभर थांबल्यासारखं झालं. तुम्ही कितीतरी वेळ वर बघत होतात.

आज नाक त्या जुन्या नळीतून काढताना ते वेढे सुटून हातात आले. डिंक वाळून गेलाय. सगळ्यात आतली पट्टी त्याच प्रिंटची आहे. तिच्यावर एक सरळ रेघ, आणि बारीक इंग्रजीत लिहिलंय की ही रेघ बरोबर शंभर मिलिमीटर भरायला हवी. मी ते कधी वाचलंच नव्हतं. रेघेखाली तुमच्या पेन्सिलीने आकडा आहे, ९६. पानात बसवताना चित्रच आखडलं होतं. तुमचा हात हलला नव्हता. तुम्हाला ते तिथेच माळावर कळलं, आणि तुम्ही ती पट्टी आत घालून वरून बाकीचे वेढे दिलेत.

हे पत्र त्याच नळीत गुंडाळून ठेवणार आहे. एक मात्र सांगायचं राहिलं. बाबांच्या हातून जन्मात एकदाच माप चुकलं, तेही माझ्यासाठी, असं मी आजवर सगळ्यांना मोठ्या प्रेमाने सांगत आले. तुमच्या तेराव्यालाही मी तेच सांगितलं होतं.