आईची जुनी खाडी

भाईंदर पूर्व,
रविवार दुपार

प्रिय कौस्तुभ,

आई गेल्यापासून तुझ्याशी अबोला धरलेली ताई एकदम पत्र लिहायला बसली म्हणजे तू घाबरशील. घाबर खुशाल. फोनवर हे बोलताच आलं नसतं, आधी भांडणच झालं असतं.

आज सोसायटीच्या बायकांबरोबर घोडबंदरला खाडीकाठचं राखीव वन बघायला गेले. आईच्या माहेरची तीच झाडी, आता तिथे लाकडी पूल बांधलाय. आठवतं, लहानपणी तिकडे जाताना आई एसटीच्या दारात कशी अडून उभी राहायची? "दोगं बसल्याबिगर मी न्हाय चढायची!" कंडक्टर घंटी मारून मारून थकायचा.

तर तिथली अनुष्का नावाची मुलगी माहिती सांगत होती. खाडीने कधीच वाट बदललीय म्हणे, आणि हे जुनं वळण मागेच राहिलंय. मोठ्या उधाणाला तेवढं पाणी आत चढतं, मग तिथेच साचून आटतं. मी आपली मान डोलावत होते. तेवढ्यात तिने कचरा काढायची काठी तिवराच्या मुळांत घातली. चिखलात अस्थींचं मडकं होतं. तोंडावर आईच्या जांभळ्या लुगड्याचा तुकडा, माझ्याच हातची गाठ.

"हात लावू नकोस, माझी आई आहे ती!" किंचाळले रे मी. आमच्या सोसायटीतली हंसाबेन "क्या हुआ, क्या हुआ" करत धावली. मी तिला ती गाठ दाखवली.

अस्थी सोडायच्या दिवशी मी हायवेच्या ट्रॅफिकमध्ये अडकले आणि तू, भरती ओसरेल म्हणून, माझ्याशिवाय मडकं सोडून मोकळा झालास. ते मी माफ केलेलं नाही, आजही नाही. पण तुला तरी काय ठाऊक? त्या दिवशी उधाणाने वळण तुडुंब भरलेलं, आणि आईने दाखवलेली जागा तीच. तिच्या लहानपणी तिथून होड्या जायच्या.

मडकं मी तिथेच ठेवलंय. पुढच्या रविवारपर्यंत कुणाला हात लावू देणार नाही, असं अनुष्काने कबूल केलंय. नाशिकहून पहाटेची गाडी धर. मी एकटीने ते उचलून वाहत्या पाण्यात सोडलं असतं, पण आईचा हट्ट तुला माहीत आहे. आपण दोघं आल्याशिवाय ती निघायची नाही.

तुझीच,
शुभदाताई