खोटा साखरपुडा

वाल्डॉर्फ, १२ ऑक्टोबर २००४

ती. आई,

तुला आणि बाबांना नमस्कार. मी बरी आहे, वेळेवर जेवते. बाबांचा गुडघा कसा आहे?

रागावू नकोस, पण ऑफिसातल्या राजस जहागीरदारांशी साखरपुडा झाला, हे मी खोटं सांगितलं होतं. तुझी स्थळं थांबावीत म्हणून मी, आणि घराण्याची गादी सांभाळायला परत जावं लागू नये म्हणून ते, असं दोघांचं नाटक होतं.

रविवारी त्यांच्या आईसाहेब इथे आल्या आणि माझ्या हातात घराण्याच्या पाटल्या घालू लागल्या. मला राहवेना. सगळं खरं सांगून टाकलं.

राजस खाली मान घालून म्हणाले, "आईसाहेब, माझ्याकडून आता ते खोटं राहिलेलं नाही."

मी अजून उत्तर दिलेलं नाही. हो म्हणायचंच आहे, पण या वेळी आधी तुला विचारून.

तुझीच,
ऊर्मिला