नायजरचा कुलचा

भोकरदन,
२० सप्टेंबर २०२३

ती. मामांस,
प्रियदर्शनीचा शि. सा. न. वि. वि.

इकडे सर्व ठीक आहे असं लिहायची पद्धत आहे म्हणून लिहिते; ठीक काही नाही. तुम्ही फोन उचलत नाही आणि वर म्हणता की फोनवर माणूस नुसता चिडतो, पत्रात चिडायलासुद्धा अक्षर नीट काढावं लागतं. तर हे नीट अक्षर काढून चिडणं.

सतरा तारखेला मराठवाडा मुक्तिसंग्रामाची पंच्याहत्तरी. रविवार असूनही शाळा भरवली. झेंडावंदनानंतर माझ्या सातवीच्या मुलांनी जगातल्या राष्ट्रध्वजांचं प्रदर्शन मांडलं. कल्पना माझी, म्हणजे गुन्हाही माझाच. देश चिठ्ठ्या टाकून वाटले. अर्पिताला जपान आला. तिने वाटी पालथी ठेवून गोल काढला, लाल रंगवला आणि खेळायला पळाली. साजियाला आला नायजर. तिने तीन दिवस बसून रंगवला. वर नारिंगी, मध्ये पांढरा, खाली हिरवा, आणि आपल्याकडे चक्र असतं त्या जागी नारिंगी गोळा. सोबत झेरॉक्स आहे, पण काळीपांढरी. तुम्ही जन्मभर चित्रकला शिकवलीत, रंग मनात भरून घ्या.

शाळा समितीचे अध्यक्ष अप्पाराव चष्मा घरी विसरून आले होते. त्यांनी चित्र हातात धरलं तेव्हा वर लिहिलेलं ‘नायजर’ त्यांच्या अंगठ्याखाली गेलं. खाली ठळक अक्षरात साजिया निजामोद्दीन शेख. त्यातलं त्यांनी ‘निजाम’ एवढंच वाचलं. पुढचं वाचायची गरज त्यांना वाटली नाही. मुक्तिसंग्रामाच्या दिवशीच शाळेत निजामाचा झेंडा आल्ता, असं ते सगळ्या पटांगणाला ऐकू जाईल इतक्या जोरात म्हणाले. तिरंग्याचं चक्र काढून ही पोरं निजामाचा कुलचा बसवून राह्यली, असंही म्हणाले.

हा आफ्रिकेतला देश आहे असं मी सांगितलं, तर त्यांनी विचारलं की आफ्रिकेचा भोकरदन तालुक्याशी काय संबंध. मग आम्हालाच तिरंगा समजावून दिला की वरचा रंग आपला आणि खालचा त्यांचा. मधला कोणाचा असं मी विचारल्यावर म्हणाले की तो भांडण न्हाई व्हावं म्हणून सोडलाय.

आता त्यांचं म्हणणं असं, की दोन ऑक्टोबरला साजियाने सगळ्या शाळेसमोर माफी वाचावी. मुख्याध्यापक देवानंद सरांनी माझ्या टेबलावर कोरा कागद ठेवला आणि सांगितलं की पोरीकडून चार ओळी लिहून घ्या, बाई, जल्दी मिटून जाईल. तिचे वडील शिलाईचं दुकान टाकून आले. ते म्हणाले की माफी मागितली तर पोर जन्मभर निजामाची ठरल, न्हाई मागितली तर मला याच गावात कपडे शिवायचेत. त्यापेक्षा सातवी बस झाली, घरी बसवतो. मामा, ती वर्गात पहिली आहे. ती घरी बसली तर ते माझ्या प्रदर्शनामुळे. मला दोन दिवस जेवण गोड लागलेलं नाही.

मामींना नमस्कार. माझ्या रागावर रागावू नये आणि उत्तर मात्र ताबडतोब लिहावं.

तुमची भाची,
प्रियदर्शनी

*

अंकुशनगर,
२५ सप्टेंबर २०२३

चि. प्रियदर्शनीस,
अ. उ. आ.

काकासाहेब नावाच्या माणसाला पत्रात मामा म्हणणारी भाची आहे, हे इथल्या पोस्टमनला अजून पटलेलं नाही. तुझं पत्र त्याने दोनदा विचारून दिलं. तुझ्या मामीने ते माझ्याआधी वाचलं आणि अप्पारावांना जे नाव ठेवलं ते मी इथे लिहीत नाही.

निजामाचा झेंडा पिवळा होता. मध्ये गोल होता खरा. लोक सांगतात की पहिल्या निजामाला एका अवलियाने कुलचे म्हणजे गोल रोट खायला दिले, गड्याने सात खाल्ले, म्हणून सात पिढ्या राज्य मिळालं आणि कुलचा झेंड्यावर गेला. आठवा खाल्ला असता तर अप्पारावांना हे भाषण करता आलं नसतं. पिवळा झेंडा आणि तीन रंगांचा झेंडा यांतला फरक चष्म्याशिवाय दिसत नसेल, तर त्या माणसाला इंडोनेशिया दाखवू नकोस. तोच लाल-पांढरा मोनॅकोचा, आणि उलटा धरला की पोलंड. तिघांनाही नोटीस काढतील. आणि रंगांची वाटणी तर त्यांनी भावकीतल्या शेतासारखी करून टाकली.

चेष्टा पुरे. असा कोरा कागद मी नोकरीत असताना माझ्याही टेबलावर आला होता. प्रकरण वेगळं होतं, पण पोरगा माझ्या वर्गातला होता आणि त्याची काहीच चूक नव्हती. मी लिहून घेतलं. तो पुन्हा चित्रकलेच्या तासाला बसला नाही. मला त्याची आजही लाज वाटते.

म्हणून साजियाला खोटं लिहायला लावू नकोस. पण तिच्या चित्रात एक चूक खरंच आहे. झेरॉक्सवर मी पट्टी ठेवून पाहिली. नायजरचा झेंडा जवळजवळ चौरस असतो, लांबी सात तर उंची सहा. तिने लांबी तीन, उंची दोन या मापात काढलाय, म्हणजे आपल्या तिरंग्याच्या. तिच्या हाताला तेच माप बसलंय, त्याला ती काय करणार? अप्पारावांना माफीच हवी असेल तर ज्याचं माप चुकलं त्याची मागावी. तिच्या वडिलांना दाखव. शिंप्याला मापाची चूक समजावून सांगावी लागत नाही.

मामीचे आशीर्वाद. पोटभर जेव, मग भांड.

तुझा मामा,
काकासाहेब

*

भोकरदन,
३ ऑक्टोबर २०२३

ती. मामांस,
शि. सा. न. वि. वि.

जेवले आणि भांडलेही. निजामोद्दीनभाईंनी गळ्यातली टेप काढून चित्र मापलं आणि इतक्या दिवसांत पहिल्यांदा हसले. ते म्हणाले की माप बराबर चुकलंय, याची माफी मागायला आपली ना न्हाई.

काल गांधीजयंतीला साजिया पुढे आली आणि तिने कागद वाचला. नायजर देशाच्या सर्व नागरिकांची मी मनापासून माफी मागते, असं म्हणाली. तुमचा झेंडा माझ्याकडून लांबट झाला, कारण माझ्या हाताला तिरंगा काढायची सवय आहे. पुढच्या वेळी नीट मापून काढीन, असंही म्हणाली. अप्पारावांनी ‘माफी’ एवढा शब्द ऐकला आणि पहिली टाळी त्यांचीच पडली. काल चष्मा होता, पण कान घरी राहिले असावेत. पोरगी बिलकुल गुणाची निघाली, असं त्यांनी देवानंद सरांना सांगितलं. सरांना अचानक खोकला लागला आणि ते पाणी प्यायला गेले ते बराच वेळ आले नाहीत. साजियाची शाळा सुरू राहणार, असं तिचे वडील मला फाटकाशी सांगून गेले. मला उडी मारावीशी वाटत होती.

मग साजिया माझ्याकडे आली. प्रदर्शन पुन्हा सव्वीस जानेवारीला आहे ना, असं तिने विचारलं. मी हो म्हटलं. तर ती म्हणाली की बाई, मंग मला चिठ्ठी नको, हिरवा रंग नसलेला देश द्या. चंद्र पण नको. पेन मागावा इतक्या साध्या आवाजात म्हणाली.

मी बघू म्हणाले आणि हजेरी मांडायला घेतली, कारण तिच्यासमोर रडायचं नव्हतं. आपण कोणावर हसत होतो, मामा? अकरा-बारा वर्षांच्या पोरीला हे सगळं आपल्याआधी कळलं होतं. तिला काय उत्तर देऊ ते सांगा. या खेपेस विनोद कमी असला तरी चालेल, माया कमी नसावी.

तुमची,
प्रियदर्शनी

*

अंकुशनगर,
९ ऑक्टोबर २०२३

चि. प्रियदर्शनीस,
अ. उ. आ.

तुझं पत्र मामीने मोठ्याने वाचायला घेतलं आणि शेवटचं अर्धं मला स्वतः वाचावं लागलं. तू रडली नाहीस हे चांगलं केलंस. मला जमलं नाही. आमच्या दोघांचा आशीर्वाद आहेच, तो पोरीलाही पोचव आणि येत्या सुट्टीत तिला घेऊन इकडे ये.

तिने मागितलंय तर तिला नाही म्हणू नकोस. हिरवा रंग नसलेले देश पुष्कळ आहेत. जपान आहे, पोलंड आहे, फ्रान्स आहे, इंडोनेशिया आहे. सोबत मी यादी करून पाठवतोय, दोन्ही बाजूंनी भरली. हवा तो तिला निवडू दे. फक्त निवडायच्या आधी यादी एकदा वरपासून खालपर्यंत वाचायला सांग आणि विचार, की बाळ, यात आपला देश कुठे दिसतो का.

तुझा मामा,
काकासाहेब