रिकामा फोल्डर

सोम. ३ नोव्हें. २००३, मंचर
शेठनी आज स्पष्टच सांगितलं. "अकरा डेअऱ्यांचे कॉम्प्युटर बदलायचेत, ताई. तुम्ही एकट्या किती हिंडाल? सीडी करा. घातली, बटण दाबलं, झालं." कॉम्प्युटरचं दुकान त्यांचं, डेअऱ्यांतला दूध-संकलनाचा प्रोग्रॅम माझा. बोलले ते बरोबर. तरी राग आला.

बुध. ५
प्रोग्रॅमला लागणारं सगळं गोळा करतेय. रनटाइमच्या फाइली, मराठी फॉन्ट, प्रिंटरचं. सासरी निघालेल्या पोरीचं सामान भरतात तसं. तिथं काहीच मिळणार नाही असं धरून भरायचं.

शुक्र. ७
दुकानातल्या कोऱ्या मशीनवर सीडी लावली. प्रोग्रॅम उघडला नि लगेच मिटला. कारण पाच मिनिटांत सापडलं. सुरू होताना तो पावत्यांचा फोल्डर शोधतो. दर गावी मी तो हाताने करत आले, कुणाला सांगितलं नाही. आत काही नाही म्हणून सीडी बनवणाऱ्या टूलने तो घेतलाच नाही. एखादी फाइल आत ठेवली की भागेल.
नाही ठेवली. शेठना म्हटलं, झाली सीडी.

सोम. १०
पहिली सीडी निरगुडसरला. अकराला तिथल्या डेअरीच्या सेक्रेटरींचा फोन. "ताई, नाय चालत ओ. तुमी आल्याबिगर ह्याचं पान हालत नाय." दुपारच्या एस.टी.ने गेले. फोल्डर केला, अर्धं मिनिट. मग त्यांच्या घरी पिठलं-भाकरी. वहिनी म्हणे, "ऱ्हा की आजच्या दिस." दोन तास बोलत बसले. हे वारल्यापासून एवढं कुणाशी बोलले नव्हते.
घरी येऊन कुलूप काढताना लाज वाटली. थोडीच.

गुरु. १३
दुसरी सीडी भीमाशंकर रस्त्यावरच्या वाडीत. सकाळी सातला फोन. एस.टी. चुकली, पोचायला साडेदहा. पावतीशिवाय दूध घ्यायचं नाही हा तिथला नियम. बाकीचे कंटाळून परत गेले, एक म्हातारी कॅन धरून बसलेली. दूध नासलं होतं. मलाच म्हणते, "एवढ्या लांबनं आलीस, लई झालं बाई. तुजा काय दोष?"
फोल्डर केला. डेअरीवाल्यांनी चहा पुढे केला, घेववला नाही. मी किती हलकट आहे.

शुक्र. १४
फोल्डरात फाइल घातली. उरलेल्या नऊ सीड्या नव्याने केल्या. एक कोऱ्या मशीनवर लावून बघितली, पहिल्या फटक्यात चालली. फाइलीत काहीतरी लिहायला हवं म्हणून लिहिलं, 'ताई येऊन गेल्या.' कुणी उघडणार नाही. सीड्या एस.टी. पार्सलने रवाना.

बुध. २६
फोन नाही. रिसीव्हर उचलून बघितला, लाइन चालू आहे.

शनि. २९
नऊ गावं, एकही फोन नाही. म्हणजे सगळीकडे चाललंय. शेठ खूश, पेढे वाटले. घरी आणून देवापुढे ठेवले, तसेच आहेत.
उद्या सुट्टी. निरगुडसरची एस.टी. साडेनऊला आहे. पण वहिनींनी "आज काय काम काढलं?" विचारलं, तर काय सांगू?