फ्युरीची अकरा कार्डं

३ तारीख, सोमवार
शब्दकोशाच्या कामात सत्तावीस वर्षं झाली, आज साहेबांनी ‘फ्युरी’ हा इंग्रजी शब्द माझ्याकडे सोपवला. योग्य निवड. रागाबद्दल लिहायला शांत डोकं लागतं. शुक्रवारपर्यंत हातावेगळा करतो.

४ तारीख
अर्थ लिहून झाले. एक, अनावर संताप. दोन, वादळाचा जोर. चिडचिड यात बसत नाही, ती फार किरकोळ.
अडलंय उदाहरणांवर. आमच्याकडे रचलेलं वाक्य चालत नाही. कुणीतरी खरंच बोललेलं हवं, कार्डावर, बोलणाऱ्याच्या नावासकट. माझ्या माहितीत एवढं कुणी चिडतच नाही.

५ तारीख, सकाळी
लेक म्हणाली, एक तारखेपासून मैत्रिणीकडे राहायला जाते, तिथून ऑफिस जवळ पडतं. मी शांतपणे म्हटलं, खुशाल जा. कप हातातून निसटला. मागोमाग बशी.
पाठ धरलीय. झोप पुरत नाही, बाकी काही नाही.

६ तारीख
कोरी कार्डं जेवणाच्या टेबलावर ठेवली. दोघींना सांगितलं, संतापाचं वाक्य कानावर आलं की लिहा, आधीचं आठवलं तरी चालेल. बायकोनं विचारलं, किती हवीत? आणि हसली. बऱ्याच दिवसांनी.

७ तारीख, शुक्रवार, सकाळी
लेकीची अकरा कार्डं तयार! गुणी पोर. जाणारबिणार नाही ती. घाईत न वाचताच साहेबांच्या टेबलावर ठेवली.

दुपारी
साहेबांनी बोलावलं. म्हणाले, वाक्यं अस्सल आहेत, पण बोलणारा एकच कसा? मग मी वाचली.
‘माझा चष्मा कुणी हलवला?’ – बाबा, रविवार.
‘या घरात मला कुणी विचारतं का?’ – बाबा, मंगळवार.
‘मी चिडलेलो नाही!’ – बाबा, रोज.
कोशासाठी साहेबांनी हे शेवटचं घेतलं. एक कार्ड परत केलं, त्यात बोलणंच नाही म्हणून. ‘बाबांची किल्ली वाजली. आईनं आणि मी गप्पा थांबवल्या.’
ते खिशात ठेवलं. खूप वाईट वाटलं.

संध्याकाळी
दाराबाहेर पोचलो तेव्हा आत दोघी हसत होत्या. किल्ली काढली नाही, बेल दाबली. हसणं चालूच राहिलं. कुणी पाहुणा वाटला असेल.
लेकीनं दार उघडलं, मला पाहिलं आणि गप्प झाली. विचारलं, बाबा, काय झालं? मी म्हटलं, काही नाही.
तेवढं मात्र हळू म्हणालो.